कब्जापावती राहिली, तो मंगळवार

४ नोव्हेंबर २०२५. आठवडी बाजाराचा दिवस. आमच्या ‘क’ वर्ग नगरपरिषदेत सकाळपासून एकच घाई होती: बाजाराच्या जागेवरील व्यापारी संकुलाची कब्जापावती, म्हणजे विकासकाला जागेचा ताबा दिल्याचा कागद, आजच करायची. निवडणूक लागणार अशी कुणकुण सगळ्यांनाच होती. आचारसंहितेत नवा कार्यादेश निघत नाही, सुरू झालेलं काम मात्र चालू राहतं. म्हणून विकासकाचा माणूस जेसीबी घेऊनच हजर. एक खड्डा मारायचा, फोटो काढायचा, काम ‘सुरू’!

प्रकल्प बीओटीचा, म्हणजे बांधा, वापरा, हस्तांतरित करा. तळमजल्याचे ओटे नगरपरिषदेला, वरचे गाळे ३० वर्षं विकासकाकडे. मुदत संपल्यापासून सभागृह नाही, प्रशासक आहे. टिपणी ठेवणारे मुख्याधिकारी आणि ठरावावर सही करणारे प्रशासक एकच. कायद्यात बसतं ते. पण आडवा प्रश्न विचारणारा नगरसेवक नसला की तो आमच्या बांधकाम शाखेनंच विचारावा लागतो.

मी आधी आखीव पत्रिका, म्हणजे जागा कोणाच्या नावावर आहे ते दाखवणारा नगर भूमापनाचा उतारा, उघडली. धारक: महाराष्ट्र शासन, नझूल; म्हणजे गावातली सरकारी जमीन. नगरपरिषदेकडे जागा फक्त बाजार भरवण्यापुरती. जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडापासून चालत आलेला हा प्रकार विदर्भातल्या गावागावांत आहे. वर्षानुवर्षं बाजार भरतो, नगरपरिषद वसुली करते आणि जागा आपलीच असं सगळ्यांना वाटू लागतं. शासनाच्या जमिनीवर तिसऱ्याला ३० वर्षं व्यापारी हक्क द्यायचा तर महसूलची मंजुरी आधी हवी. फाइलमध्ये फक्त आपल्या अर्जाची पोच होती.

करारनामा पाचशेच्या मुद्रांकावर, नोटरी केलेला. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणी कायदा, १९०८ प्रमाणे नोंदवावाच लागतो. त्यात ३० वर्षं! दहा वर्षांपुढच्या ते २९ वर्षांपर्यंतच्या पट्ट्याला बाजारमूल्याच्या ५० टक्क्यांवर मुद्रांक शुल्क बसतं, त्यापुढे ९० टक्क्यांवर. एका वर्षासाठी एवढा फरक, आणि तो कोणी भरायचा हे करारात कुठंच नाही. बँक हमीची मुदत बांधकामाच्या २४ महिन्यांबरोबरच संपत होती. काम लांबलं किंवा छत गळायला लागलं तर हातात काय? शिवाय हमी खरी असल्याचं बँकेकडून परस्पर मागवलेलं पत्रही नव्हतं.

अकराच्या सुमारास फीत घेऊन जागेवर गेलो. कब्जापावतीत ‘जागा मोकळी व निर्वेध’ असं छापलेलं, आणि समोर सीताफळांचे ढीग, मिरच्यांची पोती, कोपऱ्यात महावितरणचं रोहित्र, त्यालगत सुलभ शौचालयाची टाकी. रोहित्र हलवायचं तर अंदाजपत्रक, पैसे भरणं, वीज बंद ठेवण्याची परवानगी. हे सगळं विकासकानं करायचं की आम्ही, यावर करार गप्प. अशा ठिकाणी कब्जा दिला की विलंबाचा दावा विकासक नगरपरिषदेवरच लावतो, आणि करारातल्या ‘निर्वेध’ या एका शब्दावर जिंकतो.

भाजी विकणाऱ्या एका बाईनं विचारलं, “सायेब, दुकानं होईपर्यंत आमी कुठं बसाचं मंग?” पर्यायी बाजाराची जागा आराखड्यात नव्हती. दैनंदिन पावती फाडणाऱ्या विक्रेत्यांची यादी तरी हवी होती; ती वसुली लिपिकाकडे होती, फाइलमध्ये नाही.

परत येऊन टिपणी लिहिली: महसूल मंजुरी, नोंदणी, वाढीव मुदतीची हमी, संयुक्त मोजणी आणि विक्रेत्यांची यादी, हे झाल्याशिवाय कब्जा देऊ नये. विकासकाचा माणूस चिडला. डिझेल कोण देणार, म्हणाला. त्याचंही चुकत नव्हतं, त्याला जागा तयार आहे असंच सांगितलेलं.

दुपारी घोषणा झाली: मतदान २ डिसेंबरला. आचारसंहिता लागली आणि कब्जापावती कोरीच राहिली. पुढं मतमोजणीही २१ डिसेंबरवर गेली. नव्या सभागृहाला पटलं नाही तर ठराव स्थगितीसाठी नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल आणि तिथं पहिला कागद मागतील तो आखीव पत्रिकेचाच. म्हणून तिची प्रत टिपणीला वरच टाचली आहे.