सोलापूरच्या सपाटीवर ५ मीटरच्या समोच्च रेषा: काम कुठवर आलं

समोच्च रेषा म्हणजे सारख्या उंचीचे बिंदू जोडणारी रेषा. सर्व्हे ऑफ इंडियाचं नकाशा-पत्रक ४७ ओ/१४, प्रमाण १:५०,०००, रेषांतर (लगतच्या दोन रेषांमधला उंचीचा फरक) २० मीटर. ट्रेसिंगवर ओढे-नाले उतरवून झाले आहेत आणि २० मीटरच्या छापील रेषा शाईत आहेत. शहराच्या उत्तरेकडच्या मधल्या, दर ५ मीटरच्या रेषा अजून पेन्सिलीत आहेत, सीनाकाठ बाकी आहे. तुळजापूर या पत्रकात येत नाही, कारण ७६° रेखांशाला ४७ क्रमांकाची पत्रकं संपून ५६ ची सुरू होतात. तिकडचा बालाघाट डोंगररांगेचा कडा हवा असेल तर शेजारचं पत्रक जोडावं लागेल.

आपल्याकडच्या माळावर २० मीटरचं अंतर फार ढोबळ पडतं. दोन रेषांमध्ये ४ सेंमी जागा असली तर जमिनीवर २ किमी होतात, म्हणजे उतार १:१००, १ टक्का, जेमतेम ०.५७ अंश. त्या २ किमीत एखादी बरड आणि दोन ओढे बसले तरी नकाशा त्यांचा पत्ता लागू देत नाही.

म्हणून मधल्या रेषा स्पॉट हाइटवरून (नकाशावर बिंदूशेजारी आकड्यात दिलेल्या उंचीवरून) काढायच्या. समजा ४५२ आणि ४६७ हे दोन बिंदू ६ सेंमी अंतरावर आहेत. फरक १५ मीटर, म्हणजे दर मीटरला ४ मिमी. मग ४५२ पासून १.२ सेंमीवर ४५५, ३.२ वर ४६० आणि ५.२ वर ४६५. गणित सोपं आहे, घोळ होतो तो जोड्या लावताना. दोन बिंदूंच्या मधून ओढा जात असेल तर ती जोडी सोडून द्या: जमीन आधी उतरून मग चढलेली असते आणि सरळ प्रमाणाने काढलेली रेषा हवेत लटकते. आधी ओढे, मग पाणलोटाच्या कडा, शेवटी आकडे, हा क्रम त्यासाठीच. ओढा ओलांडताना रेषेचं टोक उगमाकडे वळलंच पाहिजे. सोंडेवर (पुढे आलेल्या उंच धारेवर) ते उताराकडे.

उतार मोजण्याआधी प्रिंट तपासा. पीडीएफ ‘फिट टू पेज’ छापली की प्रमाण बिघडतं आणि काम संपेपर्यंत कळतही नाही. किलोमीटरची जाळी बरोबर २ सेंमी आली पाहिजे. माप रेषांना काटकोनात घ्यायचं. तिरकं घेतलं की उतार कमी दिसतो. रस्त्याचा उतार हवा असेल तर मात्र रस्त्यावरूनच दोरा फिरवायचा. सपाटीवर अर्ध्या मिलिमीटरची चूक (२५ मीटर) खपून जाते. कड्याजवळ रेषा २ मिमीवर आल्या की तीच चूक अंतरात २५ टक्के होते; तिथे एका जोडीवर न थांबता चार-पाच रेषा एकत्र मोजाव्यात.

अवकाशातून मोजलेल्या उंचीतून थेट ५ मीटरच्या रेषा काढायचा मोह होतो. एसआरटीएमची (अवकाशयानातल्या रडारने केलेल्या उंचीमोजणीची) निरपेक्ष उभी अचूकता सुमारे १६ मीटर धरलेली आहे, त्यामुळे सपाट शेतात नुसती वेटोळी उठतात. पडताळणीपुरता साक्षीदार म्हणून हा डेटा बरा. तलावाचा काठ ही निसर्गाने आखून दिलेली समोच्च रेषाच. हिप्परगा तलावाभोवती आपल्या रेषा काठाला छेदून पाण्यात शिरत नाहीत ना, ते पाहून घ्यावं. एवढं ध्यानात ठेवा की त्या उंचीमोजणीचा काळ फेब्रुवारी २००० आहे, त्यामुळे पाणी तेव्हाच्या पातळीचं दिसणार. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उतार काढण्याआधी रास्टर (उंचीच्या चौकटींची फाइल) यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात न्या. आडवं अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये राहिली, तर अख्खा माळ कड्यासारखा उभा दिसतो.

पुढचं काम शहर ते हिप्परगा या छेदाचं, म्हणजे जमिनीचा उभा काप काढण्याचं. आडवं प्रमाण नकाशाचंच, उभं १:२,०००, म्हणजे २० मीटरला १ सेंमी आणि उभा फुगवटा (आडव्याच्या तुलनेत उंची वाढवून दाखवणं) २५ पट. एवढा फुगवल्याशिवाय इथे छेदात काही दिसत नाही. कोनमापक मात्र त्या छेदावर ठेवायचा नाही. उतार आकड्यांवरूनच काढायचा.