पाठीवर घर घेऊन व्हाइट रिमवर

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या कॅन्यनलँड्स नॅशनल पार्कमधला व्हाइट रिम हा सुमारे १६० किलोमीटरचा कच्चा रस्ता. १९५०च्या दशकात युरेनियमच्या शोधासाठी तो काढला. कोरड्या हवेत त्याची गणना मध्यम अवघड वाटांमध्ये होते. मात्र पिकअपच्या पाठीवर कॅम्पर, म्हणजे राहण्याची छोटी खोली, असला की हिशोब बदलतो. परवाना आणि मुक्कामाच्या जागा आधीच ठरवाव्या लागतात. वाटेत पिण्याचं पाणी कुठेच नाही, म्हणून टाकी काठोकाठ भरली. लिटरमागे एक किलो वजन वाढतं, पण वाळवंटात त्यावर काटकसर मला मान्य नाही.

व्हाइट रिमवर उतरणाऱ्या शेफर ट्रेलच्या माथ्यावर टायरमधली हवा कमी केली, फोर-लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा गियर) टाकला आणि पहिल्या गियरमध्ये उतरायला लागलो. ब्रेक तापू नयेत म्हणून वेग इंजिनालाच आवरू दिला. कड्याच्या पोटात कोरलेली ती वळणं एका गाडीपुरती आहेत, समोरून गाडी आली की चढणाऱ्याला वाट द्यायची.

खाली पांढऱ्या वालुकाश्माचा सपाट कठडा लागतो आणि मन मोकळं होतं. तरी भीती चढाची नसते, आडव्या उताराची असते. एक चाक दगडावर चढलं की वरचा सगळा भार दुसऱ्या बाजूला झुकतो. अशा ठिकाणी बायको खाली उतरून पुढे चालायची. तिच्या हाताच्या खुणेवर मी गाडी तसूतसूने सरकवायचो. मागे बाहेर आलेला कॅम्परचा भाग खडकाला टेकतोय का, हेही तीच बघायची. मला ते आरशात दिसत नव्हतं. कॅम्परवाल्यांनी एकट्याने या वाटेला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

मर्फी हॉगबॅकचा चढ तीव्र आहे, पण तिथे ताकदीपेक्षा चाक कुठून न्यायचं ती रेघ महत्त्वाची. माथ्यावर मुक्काम होता. आत चहा उकळत असताना मी टॉर्च घेऊन टर्नबकल, म्हणजे कॅम्पर गाडीला आवळून धरणारे स्क्रू, तपासले. हादऱ्यांनी ते सैल होतात, म्हणून प्रत्येक थांब्यावर हात लावून बघायचे.

पुढे हार्डस्क्रॅबलची टेकडी आणि ग्रीन नदीकाठची वाळू. नदीला पूर आला की हा भाग बंद पडतो, म्हणून निघण्यापूर्वी पार्कच्या कार्यालयात चौकशी केली होती. मिनरल बॉटमची वळणं चढून वर आलो, कॉम्प्रेसर लावून चारही चाकांत हवा भरली आणि डांबरी रस्त्याकडे निघालो.