एफएमच्या तासात मराठी गाणं बसवायचं कसं

मराठवाड्यातल्या खासगी एफएमवर मराठी गाणी इतकी कमी का, असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: लोकांना हिंदीच हवं. मला हे पटत नाही. जालना, परभणी, नांदेडच्या लग्नात कोणती गाणी वाजतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. घोळ आहे तो तासाच्या मांडणीत.

खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, फक्त आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. त्यामुळे स्टेशनची ओळख गाण्यांवरच ठरते. त्यात खासगी एफएमच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्राने 2011 मध्ये आणलेल्या धोरणाने एका कंपनीला आपल्या सगळ्या स्टेशनांवर एकच कार्यक्रम लावायची मुभा दिली. खर्च वाचला, पण गाण्यांची यादी मोठ्या शहरात ठरू लागली आणि इथल्या आरजेकडे उरल्या दोन गाण्यांमधल्या लिंक, म्हणजे मधलं बोलणं.

यादी इथे करायची ठरवली तर हिशेब असा. तासातली 10 मिनिटं जाहिरातींची, 8 बोलण्याची, 2 जिंगलची (स्टेशनच्या नावाची छोटी धून). उरलेल्या 40 मिनिटांत चार मिनिटांची दहा गाणी बसतात. त्यात 5 नवी हिंदी, 3 मराठी, 2 जुनी. ही तीन मराठी गाणी एकापाठोपाठ लावू नका, दुपारी 'मराठी तास' म्हणून कोपऱ्यात तर मुळीच ढकलू नका. ओळखीच्या दोन गाण्यांच्या मधे एक, अशी पेरा. जाहिराती संपल्यावर लगेच येणारं गाणं मात्र घराघरात माहीत असलेलंच हवं, कारण स्टेशन बदलायला हात तिथेच जातो.

आता रोटेशन, म्हणजे यादीतलं गाणं किती वेळाने परत लागतं ते, आणि गडबड होते ती इथे. नव्या हिंदी यादीत 15 गाणी आणि तासाला 5 जागा असतील तर प्रत्येक गाणं बरोबर तीन तासांनी परत येतं. चोवीसला तीनने भाग जातो, म्हणजे सकाळी आठला ऐकलेलं गाणं रोज आठलाच. रोज त्याच वेळी मोंढ्यात (धान्यबाजारात) दुकान उघडणाऱ्याला आठवड्यात वीट येतो. यादी 18 ची करा. फेरी 3 तास 36 मिनिटांची होते आणि गाणं रोज 1 तास 12 मिनिटं पुढे सरकतं. मराठीची 40 गाणी 3 जागांवर फिरवली तर फेरी 13 तास 20 मिनिटांची होते. सुरुवातीला एवढं पुरतं.

पण या चाळिसांत तेरा गाणी अजय-अतुल यांची असली (बहुतेक याद्यांत असतातच) तर सरासरी तासाला एक येणारच. अशा वेळी शेड्युलरमध्ये (गाण्यांचा क्रम लावणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) 'एका संगीतकाराच्या दोन गाण्यांत 90 मिनिटं' असा नियम घातला की जागा रिकाम्या राहतात आणि कुणीतरी त्या हिंदीने भरतं. मग महिनाअखेर अहवाल येतो, मराठी चालत नाही! नियम 45 मिनिटांचा ठेवा आणि यादी वाढवत न्या.

यादी वाढवताना जुन्या ध्वनिमुद्रणांकडे नीट लक्ष द्यावं लागतं. आवाज बारीक असतो, म्हणून नव्या गाण्यानंतर लागलं की पडल्यासारखं वाटतं. नुसता पीक (आवाजाचं सर्वात उंच टोक) समान करून भागत नाही, सगळ्या फाइल्स एकाच लाउडनेसवर, म्हणजे कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजावर आणाव्या लागतात, उदाहरणार्थ उणे 16 एलयूएफएस (लाउडनेस मोजायचं एकक). सहा मिनिटांची दोन गाणी एका तासात आली तर जाहिराती चार मिनिटं मागे ढकलल्या जातात. अशी गाणी तासाला एकच. स्थानिक गायकांकडून गाणं घेताना व्हॉट्सअ‍ॅपवरची एमपी3 नको. वेव्ह (न दाबलेली, मूळ दर्जाची) फाइल मागा, सोबत हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची लेखी परवानगी.

इथलं कॅलेंडरही यादीत उतरायला हवं. 14 जानेवारीच्या नामविस्तार दिनाला आणि 14 एप्रिलला भीमगीतं, आषाढीत पैठणहून नाथांची पालखी निघाली की अभंग, रमजानमध्ये कव्वाली आणि नात (पैगंबरांची स्तुतिगीतं). हे सगळ्या स्टेशनांवर एकच लागणाऱ्या जोडकार्यक्रमांतून येत नाही, इथेच बसून लावावं लागतं.

ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने 234 नव्या शहरांतल्या 730 वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. त्या यादीत लातूर, उदगीर, धाराशिव आहेत. तिथे स्टेशन काढू पाहणाऱ्यांनी टॉवरची जागा शोधतानाच परवानगीसह सव्वाशे मराठी गाणी जमवायला घ्यावीत. तासाला तीन जागा धरल्या तर एवढ्या गाण्यांची फेरी 41 तास 40 मिनिटांची होते.