तीन मिलिमीटर

गुरुवार, रात्री पावणेबारा

दोनदा केस धुतले तरी जळक्या फटाक्यांचा वास गेलेला नाही. एअरबॅग उघडली की लॅबमध्ये तो वास आणि पांढरी भुकटी बरोबरच पसरतात. थोडं थांबून आत जायचं असतं, पण मला ते कधीच जमत नाही.

आज तीन स्लेड टेस्ट होत्या. स्लेड म्हणजे रुळांवरचा गाडा. त्यावर गाडीचा नुसता सांगाडा पक्का बसवायचा, आत सीट, बेल्ट, स्टिअरिंग, एअरबॅग सगळं खऱ्या गाडीतल्यासारखं लावायचं आणि गाड्याला मागच्या दिशेने असा हिसका द्यायचा, की आतल्या डमीला, म्हणजे माणसाच्या जागी बसवलेल्या मोजमापाच्या पुतळ्याला, समोरून धडक बसल्यासारखंच व्हावं. अख्खी गाडी न फोडता दिवसात तीन धडका होतात. तिसरी टेस्ट छोट्या बाईची होती. त्या डमीला आम्ही तसंच म्हणतो. उंची साधारण दीड मीटर, वजन ४९ किलो, सीट अगदी पुढे ओढलेली.

सकाळी तिच्या चेहऱ्याला आणि गुडघ्यांना रंग मीच लावला. टेस्टनंतर एअरबॅगवर रंगाचा ठसा कुठे उमटलाय ते पाहिलं की डोकं नेमकं कुठे टेकलं ते कळतं. ठसा छान मधोमध होता. मान ठीक, गुडघे ठीक. छाती मात्र जेवढी दबली, ते मर्यादेच्या जेमतेम तीन मिलिमीटर आत. खोलीतल्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. कुणीतरी फळ्यावर ‘पास’ लिहिलं. मी त्या ग्राफसमोरून उठू शकले नाही.

आमचं सगळं काम माणसाला थांबायला जागा मिळवून देण्याचं आहे. ताशी ५६ किलोमीटरने भिंतीवर आदळणं म्हणजे साधारण १२ मीटरवरून, चौथ्या मजल्यावरून खाली पडण्यासारखं. पडण्यात जीव जात नाही, थांबण्यात जातो. गाडीचा पुढचा भाग ६० सेंटीमीटर चुरगळला, तर तेवढ्या अंतरात गाडी थांबते आणि गाडीला सरासरी २० जी झटका बसतो, म्हणजे वजनाच्या वीसपट जोर. बेल्टने बांधलेला माणूस गाडीबरोबरच थांबू लागतो आणि वर केबिनमधलं आणखी ३० सेंटीमीटर त्याला मिळालं, तर त्याच्या वाट्याला १४ जी येतात. बेल्ट नसलेला माणूस मात्र गाडी थांबत असतानाही त्याच वेगाने पुढे जात राहतो आणि स्टिअरिंगवर पाच सेंटीमीटरमध्ये थांबतो. तिथे आकडा अडीचशेच्या आसपास जातो. हे गणित शाळेतलं आहे. मी ते हजार वेळा केलं असेल, तरी प्रत्येक वेळी शेवटच्या ओळीपाशी पोटात खड्डा पडतो.

आणि हे सगळं एक दशांश सेकंदात. बंपर टेकल्यापासून १५-२० मिलिसेकंदांत कंट्रोल युनिटला ठरवायचं असतं, की ही खरी धडक आहे की चाक खड्ड्यात आपटलंय. ठरलं की प्रीटेन्शनर पेटतो आणि बेल्टचा सैलपणा मागे ओढून घेतो. चाळिसाव्या मिलिसेकंदाच्या आसपास एअरबॅग भरलेली असते. डोकं तिच्यापर्यंत पोचतं तोवर ती मागच्या भोकांमधून रिकामी व्हायलाही लागलेली असायला हवी, नाहीतर तीच भिंत होते. १२० मिलिसेकंदांपर्यंत सगळं संपलेलं. सेकंदाला हजार फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्याने टिपलेलं ते चित्रण सावकाश पाहताना डमीची मान वाकते, पदर सरकावा तसा बेल्ट खांद्यावरून सरकतो आणि मग सगळं शांत. रोज पाहते. सवय झालेली नाही.

आता झोपायला हवं, पण छातीचं लिहून ठेवते.

बेल्ट माणसाला वाचवतो आणि बेल्टच त्याच्या बरगड्या मोडतो. म्हणून रिट्रॅक्टरमध्ये, बेल्ट गुंडाळला जातो त्या डब्यात, एक सळई असते. बेल्टवरचा ताण ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ती पीळ खात जाते आणि बेल्ट थोडाथोडा सोडते. हा लोड लिमिटर. आमच्या गाडीत तो चार किलोन्यूटनला, म्हणजे साधारण चारशे किलो भाराला सुटतो. १०१ किलोच्या मोठ्या डमीला हे चालतं. त्याच्यासाठी भार कमी ठेवला तर बेल्ट फार सुटेल आणि डोकं एअरबॅग दाबत थेट स्टिअरिंगवर जाईल. छोट्या बाईला मात्र तेवढा भार लागतच नाही. तिच्या छातीवर तो नुसता ओझं होऊन बसतो. सळई एकच आहे आणि बसणारे दोघं.

शुक्रवार, रात्री

बैठक दोन तास चालली. माझं म्हणणं एवढंच होतं, की दोन टप्प्यांचा लिमिटर घ्यावा. सीट किती पुढे आहे ते सांगणारा सेन्सर लावायचा. सीट पुढे असेल तर सळई लवकर सुटेल, मागे असेल तर उशिरा.

विरोध खर्चाच्या नावाने होईल अशी तयारी करून गेले होते. तो झालाही, पण मला निरुत्तर केलं आमच्या वरिष्ठांनी. वीस वर्षं बेल्टवरच काम केलेला माणूस. ते म्हणाले, “सेन्सर एक दिवस खोटं सांगणार. त्या दिवशी तिथे शंभर किलोचा माणूस बसलेला असेल आणि बेल्ट त्याला सोडून देईल. तेव्हा काय?” मी गप्प बसले. बरोबर होतं त्यांचं. प्रत्येक जादाचा भाग म्हणजे चुकायची एक जादाची जागा. सळई मुकी असते, म्हणून ती खोटं बोलत नाही.

तरी मी म्हटलं, सर, डमीला बरगड्या मोडायची भीती नसते. ही छोटी बाई मुळात मोठ्या पुरुषाच्या डमीवरून मापं कमी करून बनवलेली. तो पुरुष १९७६ चा, ७८ किलोचा, जनरल मोटर्सने घडवलेला. तिच्या पोलादी बरगड्या हजार टेस्ट झाल्या तरी परत सरळ होतात. सत्तरीतल्या बाईच्या होतील का? तीन मिलिमीटर आत आहे म्हणजे पास, हे डमीपुरतं खरं.

हे बोलताना आवाज थोडा चढला. नंतर वाईट वाटलं. पण बोलले ते मागे घेणार नाही.

मर्यादेचा तो आकडा कुठून आला हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी कळलं होतं आणि त्या रात्रीही अशीच झोप लागली नव्हती. किती दाबलं की बरगडी मोडते, हे डमीला माहीत नव्हतं. ते सांगितलं देहदान केलेल्या माणसांनी. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात आणि इतर ठिकाणी संशोधकांनी त्या देहांवर धडकेचे प्रयोग केले, कवटी आणि छाती कधी हार मानते ते मोजलं आणि त्यावरून आमच्या मर्यादा बेतल्या गेल्या. ग्राफवरची ती लाल आडवी रेघ कुणाच्या तरी बरगड्यांनी ओढलेली आहे. त्या माणसांची नावं मला कधीच कळणार नाहीत. रेघेच्या इतक्या जवळ जाऊन ‘पास’ लिहिताना मला त्यांची आठवण येते.

जिवंत माणसांनीही स्वतःला मोजून घेतलंय. अमेरिकेच्या हवाई दलातले डॉक्टर जॉन स्टॅप डिसेंबर १९५४ मध्ये रॉकेटच्या स्लेडवर स्वतः बसले, ताशी १,०१७ किलोमीटरला पोचले आणि १.४ सेकंदांत थांबले. ४६.२ जी. डोळ्यांत रक्त उतरलं, पण नीट बांधलेला माणूस एवढं सोसू शकतो हे सिद्ध झालं. ‘नीट बांधलेला’ हे दोन शब्द त्यातले महत्त्वाचे. मग १९५९ मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलीन यांनी तीन बिंदूंचा बेल्ट दिला. त्याआधी ते साबमध्ये वैमानिकांच्या इजेक्शन सीटवर काम करत. बोलीन यांचं मोठेपण मला त्या बक्कलच्या जागेत दिसतं. कमरेच्या बाजूला, खाली. त्यामुळे छातीवरचा आणि कमरेवरचा पट्टा तिथे एकत्र येतात, भार खांद्याच्या आणि कमरेच्या हाडांवर जातो आणि बेल्ट एका हाताने लागतो. एका हाताने लागतो म्हणून लोक लावतात. व्होल्वोने ते पेटंट सगळ्यांसाठी खुलं केलं. आमच्या सगळ्या गाड्यांमध्ये आज तीच रचना आहे.

हे मी बैठकीत बोलले नाही. बैठकीत शेवटी ठरलं, की सोमवारी दोन टेस्ट करायच्या. लिमिटर थोडा खाली आणायचा, एअरबॅगची भोकं थोडी लहान करायची आणि मोठ्या माणसाचं डोकं स्टिअरिंगपर्यंत जातं का ते पाहायचं. नाही गेलं, तर सेन्सर न लावताही छोट्या बाईला दिलासा मिळेल. ही सूचना वरिष्ठांचीच. निघताना म्हणाले, “तुझं बरोबर आहे, फक्त उत्तर अजून साधं हवं.” तेवढ्यावर मी घरी येऊ शकले.

शनिवार, संध्याकाळ

आईला डॉक्टरांकडे जायचं होतं. म्हणाली, मीच चालवते, तू बस शेजारी. ती अडुसष्ट वर्षांची आहे, उंची छोट्या बाईपेक्षा दोन बोटं जास्त. आठ वर्षं हीच गाडी चालवतेय. मी मागे बसत आलेय किंवा स्वतः चालवत आलेय. तिच्या शेजारी बसून तिच्याकडे नीट पाहिलं ते आजच, आणि याची मला लाज वाटते.

ती स्टिअरिंगला जवळजवळ टेकून बसली होती. बेल्ट लावला आणि मग सवयीने खांद्याच्या वर, बेल्ट भिंतीतून येतो तिथे, काहीतरी अडकवलं. कपडे वाळत घालायचा चिमटा.

“आई, हे काय?”

“गळ्याला काचतो गं. चिमटा लावला की सैल राहतो. बेल्ट तर लावलाय ना मी.”

मी हात घालून पाहिलं. तिच्या छातीत आणि बेल्टमध्ये माझी मूठ सहज जात होती. सहा-सात सेंटीमीटर. मी तीन मिलिमीटरसाठी दोन तास भांडून आले होते.

रागवायचं नाही असं ठरवलं. रागवण्यासारखं तिने काही केलंच नव्हतं. बेल्ट काचत होता, तिने उपाय शोधला. काच तिचा खरा होता. आम्ही डमीला बसवतो तेव्हा तिची कंबर नेमकी कुठे आहे हे मोजपट्टीने ठरवतो, लॅबचं तापमान सांभाळतो, बेल्ट सरळ करून ठेवतो. डमीचा गळा काचत नाही.

गाडी सुरू न करताच आम्ही दोघी अर्धा तास बसलो. डिकीतून टेप काढली. स्टिअरिंगच्या मध्यापासून तिच्या छातीच्या हाडापर्यंत १९ सेंटीमीटर. किमान २५ हवेत. एअरबॅग ज्या जोरात बाहेर येते, तेव्हा तिला उघडायला तेवढी मोकळी जागा लागते. सीट दोन खाचा मागे घेतली. पाय पोचेना. एक खाच पुढे. पाठ थोडी मागे कलवली, सीटची उंची वाढवली, स्टिअरिंग खाली केलं. “क्लच पूर्ण दबतोय का? टाच उचलून नको, बसल्या बसल्या दाबून बघ.” दबत होता. परत मोजलं. साडेचोवीस. अर्ध्या सेंटीमीटरसाठी आणखी दहा मिनिटं घालवली, पण क्लच सुटायला लागला, तेव्हा सोडून दिलं.

मग बेल्ट. दाराच्या खांबावर, बेल्ट जिथून खाली येतो तिथे, एक बटण असतं. ते दाबलं की ती कडी वरखाली होते. कडी अगदी वर होती, कारखान्यातून आली तशीच असणार. मी ती खाली आणली. बेल्ट गळ्यावरून उतरून खांद्याच्या मधोमध बसला. कमरेचा पट्टा पोटावरून खाली, कमरेच्या हाडांवर सरकवला. मूठ जाईना, तळहात जेमतेम जात होता.

आईने मान इकडेतिकडे वळवून पाहिली. “काचत नाहीये.”

मग बराच वेळ त्या बटणाकडे पाहत राहिली. “हे इथे आठ वर्षं होतं?”

“हो.”

“मग कुणी सांगायचं होतं मला?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचा आवाज रागाचा नव्हता, तिला खरंच विचारायचं होतं. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत ते असेल, बारीक अक्षरात, एका चित्राखाली. तिने ती उघडली नाही. मीही आमच्या गाडीची कधी उघडून दिली नाही तिला.

जाताना ती नेहमीपेक्षा हळू चालवत होती. नव्या बैठकीची सवय नव्हती. एकदा सिग्नलला थांबल्यावर हात आपसूक खांद्याकडे गेला, चिमटा शोधत, आणि परत खाली आला.

चिमटा माझ्या बॅगेत आहे. सोमवारी आणखी एक टेस्ट मागणार आहे. छोटी बाई, सीट पूर्ण पुढे, कडी सगळ्यात वर आणि खांद्यापाशी हा चिमटा.