सेंत-शापेल: रांग चुकत नाही, ऊन मात्र गाठता येतं

पॅरिसच्या सेंत-शापेलसाठी, म्हणजे रंगीत काचांच्या खिडक्यांसाठी गाजलेल्या जुन्या चॅपेलसाठी (छोट्या प्रार्थनामंदिरासाठी), ‘रांगेशिवाय थेट प्रवेश’ म्हणून कुणी तिकीट विकत असेल तर अजिबात घेऊ नका. तशी सोय तिथे नाहीच. एका मध्यस्थ संकेतस्थळाला मी अधिकृत दराच्या जवळपास दुप्पट पैसे मोजले आणि फाटकाशी गेल्यावर बघतो तर साध्या दरात तिकीट काढलेली मंडळी त्याच रांगेत, माझ्या पुढे. मध्यस्थाचा प्रतिनिधी म्हणे ‘प्राधान्य’ म्हणजे हेच. ही सरळसरळ फसवणूक आहे आणि रोज शेकडो लोक तिला बळी पडत असणार, म्हणून आधी तेच लिहितो.

हे चॅपेल इल द ला सिते बेटावरच्या जुन्या राजवाड्याचा भाग. त्या राजवाड्याच्या जागी आज न्यायालय आहे, पॅले द जुस्तीस. न्यायालयाच्या आवारात शिरायचं म्हणजे विमानतळासारखी तपासणी आली, आणि ती कुठल्याही तिकिटाने टळत नाही. बाहेर दोन रांगा असतात. एक वेळ आरक्षित केलेल्यांची, दुसरी बिनतिकिटवाल्यांची. दुसरीत उभं राहणं म्हणजे अर्धा दिवस फुकट घालवणं. पहिलीसाठी स्मारकाच्या अधिकृत संकेतस्थळावरचं वेळेचं तिकीट पुरतं. पॅरिस म्युझियम पास (अनेक संग्रहालयांसाठी चालणारा एकच पास) असला तरी वेळ आगाऊ घ्यावी लागते. तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. २०२६च्या जानेवारीपासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या (युरोपीय संघ, नॉर्वे, आइसलंड, लिश्टेनश्टाइन सोडून इतर) पाहुण्यांना जास्त दर आहे, तेव्हा स्वस्त दिसणारा पर्याय निवडण्याआधी तो आपल्यासाठी आहे का ते बघा. १८ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे. नोव्हेंबर ते मार्च महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनाच मोफत, पण त्या दिवशीची गर्दी लक्षात घेता मी पैसे भरून दुसऱ्या दिवशी जाईन.

चाकू, कात्री आणि काचेची कुठलीही वस्तू आत नेता येत नाही. माझ्या पुढच्या बाईंकडे काचेची पाण्याची बाटली निघाली. त्या हुज्जत घालत राहिल्या आणि तेवढा वेळ सगळी रांग जागच्या जागी. सामान ठेवायची सोय नाही, म्हणून मोठी बॅग हॉटेलवरच ठेवून निघा.

आत गेल्यावर पहिल्यांदा लागतो तो खालचा मजला. ठेंगणा, निळ्या छतावर सोनेरी लिलीची फुलं, कडेला स्मरणवस्तूंचं दुकान. हा राजवाड्यातल्या नोकरचाकरांसाठी होता. इथे रेंगाळू नका. कोपऱ्यातला अरुंद गोल दगडी जिना चढा. जिना तीव्र आहे आणि पायऱ्या झिजलेल्या आहेत, पण नेहमी चालणाऱ्याला त्याचं काही वाटणार नाही.

आणि मग वरचा मजला. रांगेत झालेला सगळा मनस्ताप तिथे पहिल्या मिनिटात गळून पडला. भिंत अशी दिसतच नाही. सुमारे १५ मीटर उंचीच्या १५ खिडक्या आणि मधे फक्त दगडाच्या बारीक खांबांचे जुडगे. एवढी काच पेलताना इमारत फाकू नये म्हणून तिच्याभोवती लोखंडी साखळ्या आवळल्या आहेत. त्या खिडक्यांच्या आडव्या गजांमध्ये अशा मिसळून गेल्या आहेत की सांगितल्याशिवाय कळत नाहीत. फ्रान्सचा राजा नववा लुई याने येशूच्या काटेरी मुकुटासारखे पवित्र अवशेष ठेवण्यासाठी हे बांधून घेतलं आणि १२४८ साली ते पवित्र केलं गेलं. त्या मुकुटासाठी मोजलेली रक्कम या सबंध इमारतीच्या खर्चाहून कितीतरी मोठी होती. मुकुट बघायचा असेल तर मात्र इथे येऊ नका, तो आता नोत्र-दाम कॅथेड्रलमध्ये असतो.

काचांवर १,११३ प्रसंग आहेत. वेदीकडे तोंड करून उभं राहिलात की डाव्या हाताची पहिली खिडकी उत्पत्तीची, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकाची. तिथून सुरुवात करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरा. प्रत्येक खिडकी खालून वर वाचायची. उजव्या हाताची शेवटची खिडकी या अवशेषांच्याच प्रवासाची आहे, ती सोडू नका. एक गोष्ट मला आधी कुणीच सांगितली नव्हती. फ्रेंच क्रांतीनंतर इथे न्यायालयाची दप्तरं ठेवली होती आणि कपाटांसाठी खिडक्यांचा खालचा दोनेक मीटरचा पट्टा काढून टाकला होता. तो पुढे १९व्या शतकात नव्याने भरला. म्हणजे डोळ्यांसमोर येते ती बहुतेक नवी काच, आणि सातशे वर्षांहून जुनी काच मान वर केल्यावर. एकूण काचेपैकी सुमारे दोन तृतीयांश मूळची आहे. दुर्बीण न्याच. साधी चालेल, पण तिच्याशिवाय वरची माणसं म्हणजे नुसते रंगाचे ठिपके. दुर्बिणीतून एका राजाच्या चेहऱ्यावरची ब्रशची रेघ दिसली तेव्हा मी तिथल्या खुर्चीवर बसून राहिलो, उठवेना.

आता उन्हाचं. आकाश भरून आलेलं असताना निळा आणि लाल एकमेकांत बुडून काळपट दिसतात. ढग सरकला की दक्षिणेकडच्या खिडक्या पेटतात आणि जमिनीवर रंग सांडतो. म्हणून ऊन हवंच. पण उन्हाळ्यात वेळा आधीच संपतात, तेव्हा हवामानाचा अंदाज येईपर्यंत थांबता येत नाही. सकाळी ९ची पहिली वेळ घ्या, गर्दी तरी कमी मिळते आणि पूर्वेकडचा वेदीमागचा भाग उजळलेला असतो. ऑक्टोबर ते मार्च गर्दी ओसरलेली असते, तेव्हा दोन दिवस आधी अंदाज बघून तिकीट काढा. या महिन्यांत ५ला बंद होतं, एप्रिल ते सप्टेंबर ७ला. पश्चिमेची गोल खिडकी १५व्या शतकातली, तिच्यावर जगाच्या अंताचे प्रसंग आहेत. ती दुपार कलल्यावरच खुलते, आणि त्यासाठी मी ९ची वेळ सोडून उशिराचीही घेईन.

संध्याकाळच्या संगीत मैफिलींची जाहिरात जोरात असते. संगीतासाठी जायचं तर जरूर जा. काचांसाठी हिवाळ्यातली मैफल घेऊ नका, सूर्य बुडाला की त्या काळ्या पडतात. शेजारची काँसिएर्जरी, म्हणजे याच राजवाड्याचा पुढे तुरुंग झालेला भाग, जोडतिकिटात मिळते. वेळ असेल तर बघा, नसेल तर सोडा. मेट्रोचं सिते स्थानक, ४ नंबरची लाइन, बाहेर पडलं की दोन मिनिटांवर फाटक. तिकिटावरच्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा.