सूप निवतंय!

फ्रान्समधल्या आंब्वाजला उतरलो तेव्हा समजलं की स्टेशन ल्वार नदीच्या एका काठाला आणि गाव दुसऱ्या. मी नकाशा नीट पाहिला नव्हता. आईचे गुडघे आणि मधलं बेट ओलांडून जाणारा तो लांब पूल! "अगं, रिक्षा नाहीत का इथे?" असं तिनं दोनदा विचारलं.

पलीकडे पोचल्यावर दुसरी चूक. समोर एवढा थोरला राजवाडा दिसतोय म्हणजे लिओनार्दो दा विंची इथेच राहिला असणार, असं धरून आम्ही थेट तिकिटाच्या रांगेत. पुढच्या बाईंनी सांगितलं, त्याचं घर क्लो ल्युसे, अर्धा किलोमीटर पुढे. वाट थोडी चढाची आहे, पण मऊ पांढऱ्या दगडाच्या कड्यात कोरलेली घरं बघत आई न कुरकुरता चालली.

क्लो ल्युसे म्हणजे राजवाडा नव्हे, वाडाच. गुलाबी विटा, पांढरा दगड, 1471 चं बांधकाम. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याच्या बोलावण्यावरून लिओनार्दो 1516 मध्ये आल्प्स ओलांडून इथे आला, तेव्हा तो चौसष्टचा होता. वर्षाला सोन्याच्या नाण्यांत मानधन आणि राहायला हे घर. सोबत आणलेल्या चित्रांत मोनालिसाही होती. 2 मे 1519 ला तो इथेच गेला. राजाच्या मिठीत प्राण सोडला हे चित्रात छान दिसतं, पण राजा तेव्हा बहुधा इथे नव्हताच.

त्याच्या निजायच्या खोलीच्या खिडकीतून तो मघाचा राजवाडा दिसतो. तळघरात त्याच्या रेखाटनांवरून केलेल्या यंत्रांच्या प्रतिकृती आहेत. तिथे पोरांची झुंबड, आम्ही पटकन बाहेर.

आई रमली ती स्वयंपाकघरात. भलीमोठी चूल बघून म्हणाली, "रांधायला कोण होतं गं?" मातुरीन नावाची बाई. मृत्युपत्रात त्यानं तिच्यासाठी फर लावलेला काळ्या कापडाचा चांगला झगा ठेवला होता. मग मी आईला लिओनार्दोच्या वहीतली गंमत सांगितली. 1518 च्या सुमारास तो भूमितीचं काही मांडत होता, मध्येच "वगैरे" लिहून थांबला, कारण सूप निवत होतं. आई इतकी हसली की पहारेकरी वळून बघायला लागला. "म्हणजे हिनं हाका मारून मारून घसा कोरडा केला असणार. तुझे बाबा शब्दकोडं घेऊन बसले की अगदी हेच!"

लिओनार्दोची म्हणून दाखवतात ती कबर मात्र राजवाड्याच्या आवारातल्या सेंट ह्यूबर्टच्या चॅपलमध्ये. म्हणजे परत तीच रांग आणि वेगळं तिकीट. आईच्या गुडघ्यांनी साफ नकार दिला. ती खाली बाकावर सफरचंद खात बसली, मी एकटीच चढून आले.