दोन बोटांतली नोट

चौदा वर्षं एसटीत कंडक्टर आहे. डाव्या हाताच्या बोटांच्या सापटीत उभी घडी घातलेल्या नोटा धरायच्या, दहाच्या एकीत, पन्नासच्या दुसरीत. ते काम हात आपोआप करायचा. दिवाळीच्या गर्दीत करंगळी आणि अनामिकेमधल्या नोटा गळायला लागल्या. गळल्याचं कळायचंही नाही. प्रवासीच सांगायचे, "साहेब, नोट पडली." हिशेबात कमी आलेले पैसे दोनदा खिशातून भरले.

एका डॉक्टरांनी मानेचा मणका म्हणून पट्टा दिला. दुसऱ्यांनी साखर तपासली, ती नॉर्मल निघाली, मग बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं. पाच महिने गेले. एकदा कँटीनमध्ये चहा घेताना करंगळीला फोड आला, तो आधी ड्रायव्हरला दिसला, मला नाही. तेव्हा मात्र मी घाबरलो.

सरकारी दवाखान्यातल्या मॅडमनी डोळे मिटायला लावून बॉलपेनचं टोक ठिकठिकाणी टेकवलं. मग दोन बोटांत कागदाची पट्टी धरायला सांगून ओढली. उजव्या हातातून निघेना, डाव्यातून अलगद निघाली. शेवटी दोन्ही कोपरांच्या मागची नस चाचपली. "डावीकडची जाड लागते, दादा. कुष्ठरोग असू शकतो. पण कोपरात नस दबल्यानंही असं होतं." म्हणून मनगटाजवळच्या नसेचा बारीक तुकडा काढून नागपूरला पाठवला. आज अकरावा दिवस.

माझ्या अंगावर चट्टा नाही. डेपोच्या भिंतीवरचं पोस्टर मी वर्षानुवर्षं वाचत आलोय: न खाजणारा, न दुखणारा, बधिर चट्टा. त्या रात्री आरशासमोर उभा राहिलो, पाठ हिला बघायला लावली. काहीच नाही. मॅडम म्हणाल्या, काही जणांत हा रोग फक्त नसांमध्येच राहतो, कातडीवर येतच नाही. अशांच्या कानाच्या पाळीतल्या नमुन्यातही जंतू सापडत नाहीत, माझ्याही सापडले नाहीत. पोस्टरवर हे एका ओळीत तरी लिहायला हवं. बोटं बधिर झालेली, पण चट्टा नाही म्हणून निर्धास्त बसलेले माझ्यासारखे आणखी असतील.

कारण वेळ महत्त्वाची आहे. हा जंतू इतका सावकाश वाढतो की एकाचे दोन व्हायला १२ ते १४ दिवस लागतात, आणि लक्षणं दिसायला वर्षं. पण नस एकदा बधिर होऊ लागली की साधारण सहा महिन्यांच्या आत स्टेरॉइड सुरू केलं तर ती सुधारण्याची आशा जास्त. माझे पाच पट्ट्यात आणि इंजेक्शनांत गेले. मी रोज रात्री कॅलेंडर बघतो.

आईला अजून सांगितलं नाही. ती 'महारोग' हाच शब्द जाणते. हिला पहिल्याच दिवशी सांगितलं. आमचं लग्न २०११ चं. नवऱ्याला हा रोग आहे या कारणावरून बायको घटस्फोट मागू शकेल असं तेव्हा कायद्यात होतं, ते २०१९ मध्ये काढलं. हे मी हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आंघोळीचं पाणी यापुढं मी हात घालून बघीन, तुम्ही घालू नका."

वरोऱ्याच्या फेरीत मी रोज "आनंदवन" अशी हाक देतो. बाबा आमट्यांनी १९४९ साली उभं केलेलं, आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिथून चढणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांच्या आखडलेल्या हातावर मी सुटे पैसे वरून सोडत असे, बोट लागू नये म्हणून. एकदा नाणं निसटून सीटखाली गेलं. ते वाकून शोधत राहिले आणि मी पुढच्या सीटचं तिकीट फाडलं. ते आता हयात आहेत की नाहीत, माहीत नाही.

परवा त्याच थांब्यावर एक बाई चढल्या, दोन बोटं अर्धी. मी सुटे पैसे त्यांच्या तळहातावर ठेवले आणि मूठ मिटेपर्यंत हात धरून ठेवला. माझ्या दोन बोटांना त्यांचा हात लागल्याचं कळलं नाही. बाकीच्यांना कळलं.

नागपूरचा रिपोर्ट सोमवारी येईल म्हणाले आहेत. नोटा सध्या उजव्या हातात धरतो.